चोर एकटाच जातो

यंदा कूलर काढायला उशीरच झाला. एप्रिल अर्धा सरला तरी भाऊ म्हणत होता, अजून एवढं काही तापलं नाही. नागपुरात राहून असं म्हणणारा माणूस एकतर एसीत बसलेला असतो, नाहीतर त्याला माळ्यावर चढायचा कंटाळा आलेला असतो. शेवटी मीच कंबर कसली. जुन्या ताट्या काढल्या, नव्या वाळ्याच्या बसवल्या, टाकी भरली आणि बटण दाबलं. पहिल्या झोतासरशी तो ओला, गोडसर वास घरभर पसरला. लोकांना हा वास फार आवडतो. मलाही एके काळी आवडायचा. हल्ली पहिले दोन दिवस मी त्या खोलीत बसत नाही.

तशी त्या खोलीत जागाही नसते. दुपारी जेवणं झाली की तिथं तिघं आपापले फोन घेऊन पसरतात. माझा भाऊ, वय बासष्ट, नुकता रिटायर झालेला. त्याची सून केतकी, तेहतीसची. आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. तिघं मिळून एकच खेळ खेळतात, आणि त्या खेळात प्रत्येकाला कोणीतरी दुसरं व्हावं लागतं. ज्या माझ्या भावानं जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो तिथं हिरव्या केसांची तिरंदाज पोरगी आहे. केतकी दाढीवाला बुटका लोहार झाली आहे. आणि आमची अकरा वर्षांची नात म्हणजे तीनशे वर्षांची चेटकीण. "बाबा, तुम्ही पुलावर थांबा, मी मागून येते," असं सून सासऱ्याला दरडावून सांगते, आणि सासरे निमूट थांबतात. त्यांच्याबरोबर कोणी सोलापूरची डॉक्टरीणबाई खेळते, कोणी रायपूरचा पानठेलेवाला. एकदा नात म्हणाली, "आजी, तू पण ये ना. तू काय होशील?" मी म्हटलं, कूलरमध्ये पाणी भरायला कोणीतरी लागतं बाई. सगळे हसले.

लोक म्हणतात, हे नवं वेड आहे आणि पोरासोरांचं आहे. दोन्ही खोटं आहे. आमच्या गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत हे वेड चार माणसांना लागलं होतं, त्याला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली, आणि त्या चौघांत सगळ्यात लहान मी होते. मी अठराची होते.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. गल्ली कोष्ट्यांची. माझ्या लहानपणी डोळा उघडायचा तो मागाच्या आवाजानं. बारावीला पोचेपर्यंत गल्लीत दोन की तीन माग उरले. बाकीच्या घरांत मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर गाद्या रचल्या, आणि माणसं कोणी कापडाच्या दुकानात, कोणी बिडीच्या कारखान्यात कामाला लागली. उन्हाळ्यात दुपारी त्या घरांतून काहीही ऐकू यायचं नाही. रस्त्यावर कुत्रंही नाही. बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, लू लागू नये म्हणून.

अशा गल्लीत प्रकाशदादानं कॉम्प्युटर क्लास काढला. प्रकाशदादा म्हणजे गल्लीतला पहिला डिप्लोमावाला. त्याच्या आखातातल्या मामानं त्याला एक चपटी काळी पेटी आणून दिली होती. तिच्यावर टाइपरायटरसारख्या कळा होत्या. ती घरातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची आणि शेजारी कॅसेट प्लेअर लावायचा, की झाला कॉम्प्युटर. कापडाच्या एका दुकानावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली. मशीन तापू नये म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा एक भलाथोरला कूलर बसवला. मशीनला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम केला. आमच्या शेजारच्या शांताकाकूनं उद्घाटनाच्या दिवशी त्या पेटीला हळदकुंकू लावलं, तेव्हा "काकू, कळांवर नका लावू" असं ओरडत तो मधे धावला, आणि तरी एका कळेवर कुंकू बसलंच.

विद्यार्थी चार आले, त्यातले तीन उन्हाळा लागताच पळाले. उरले मी आणि कूलर. त्यामुळे दुपारी एकच्या सुमाराला गल्लीतली रिकामी माणसं चपला बाहेर काढून मोठ्या आदरानं कॉम्प्युटर क्लासात येऊन बसू लागली. प्रकाशदादा भिडस्त. कुणाला जा म्हणायची त्याची छाती नव्हती.

त्यात शांताकाकू होती. पन्नाशीची, अंगानं भरभक्कम, पापडाचं पीठ कुटून कुटून दंड पैलवानासारखे झालेले. भाऊरावकाका होते. साठीचे, बारीक, आयुष्यभर लुगड्यांच्या काठावर नक्षी विणलेली, माग बंद पडल्यापासून घरी. आणि सुषमाताई होती.

सुषमाताई समोरच्या घरातली. अठ्ठावीसची असेल. तिला सावनेरला दिली होती. नवरा तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला, पगार चांगला, म्हणून वडिलांनी डोळे मिटून दिली. संक्रांतीनंतर ती माहेरी आली ती डावा हात गळ्यात बांधून. कुणी विचारलं तर "मोरीत घसरले" सांगायची, आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसत नव्हता, आणि कुणीही पुढं विचारत नव्हतं. हात बरा झाला तरी ती परत गेली नाही. तिचे वडील वामनराव रोज संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात स्वतःशी बोलायचे, की धाकटीचं जमवायचं आहे, मोठी घरात बसलेली दिसली तर कोण येईल. मी तेव्हा ते ऐकून मनात त्यांना शिव्या घालायचे. आता वाटतं, तेही घाबरलेलेच होते. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याचं काय करून ठेवतो, तेही आता मला माहीत आहे.

तो खेळ पेटीबरोबर आलेल्या एका कॅसेटवर होता. कॅसेट लावली की पाच-सात मिनिटं नुसता कर्कश आवाज यायचा, तेवढ्यात लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मग पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटायची. चित्र एक नाही. एका किल्ल्याचं वर्णन, आणि खाली प्रश्न: आता काय करता? आपण दोन शब्द टाइप करायचे. दार उघड. उत्तरेला जा. दिवा घे. चार माणसांची टोळी, आणि किल्ल्याच्या पोटात कुठंतरी राजाचा एक हरवलेला कागद. तो शोधून आणायचा.

इंग्रजी त्या खोलीत प्रकाशदादाला आणि मला येत होतं. प्रकाशदादा दुसऱ्या टेबलावर सोल्डरिंग करत बसायचा. म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायची, मराठीत सांगायची, मंडळी भांडायची, आणि जे ठरेल ते मी टाइप करायची.

"कोण काय होते ते सांगा पहिले," मी म्हटलं. "लढवय्या आहे, चोर आहे, वैद्य आहे, मांत्रिक आहे."

"तलवार कोणापाशी हाय?" शांताकाकूनं विचारलं.

"लढवय्यापाशी."

"मंग थो मी, वंदे. बाई नोको करू मले. मिशा ठेव."

भाऊरावकाका पुढं सरकले. मग खाली मान घालून म्हणाले, "मले वैदीण कर. बाईमाणूस. जमते का?"

मला हसू आलं, पण काकूनं माझ्या पाठीत धपाटा घातला. काका तरुणपणी उमरेडकडच्या दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, बायकांची कामं करायचे, हे मला त्या दिवशी कळलं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरायचे. लग्न झाल्यावर सोडलं, सासरच्यांना आवडलं नाही. "लुगडं नेसलं का माह्या अंगात येगळीच हिम्मत येत होती," काका म्हणाले. "तशी मर्दाच्या कपड्यात नाई आली कधी." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी मुकाट्यानं वैदीण टाइप केलं.

सुषमाताई म्हणाली, "मी चोर."

"शोभते का वं!" काकू म्हणाली.

"त्याले कुलपं उघडता येते ना? मंग मी तेच."

मांत्रिक माझ्या वाट्याला आला. त्याला विशेष काम नव्हतं. मंत्र बहुतेक चुकायचे.

आज मी भावाला आणि सुनेला खेळताना पाहते तेव्हा मला त्या खोलीचीच आठवण येते. माणूस वयानं कितीही वाढो, त्याच्या आत एक जण न वापरलेला पडून असतो. शांताकाकूच्या आत मिशा होत्या. भाऊरावकाकांच्या आत लुगडं होतं. घरात कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्हाला कोण व्हायचं आहे. त्या मशीननं विचारलं, आणि तेही इंग्रजीत. नवतपाच्या, सगळ्यात कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांच्या दुपारी बाहेर डांबर वितळत असताना आम्ही चौघं किल्ल्यात थंडगार फिरत होतो. काकू टाळी वाजवून तलवार चालवायची. काका नक्षीच्या चौकटीच्या कागदावर किल्ल्याचा नकाशा काढायचे. एक चौकट म्हणजे एक खोली. काठावरचा मोर जसा एकेका धाग्यानं काढायचे, तसा किल्ला काढला त्यांनी. सुषमाताई मात्र फारसं बोलायची नाही. सगळे भांडून थकले की हळूच म्हणायची, "खिडकी पाहिली का कोणी?" आणि नेमकी तिथं वाट निघायची.

हळूहळू ती स्वतःच कळा दाबू लागली. तिची दहावी झाली होती, सेकंड क्लास. इंग्रजी लिहिलेलं वाचता यायचं, अर्थ लावायला वेळ लागायचा. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा जलद टाइप करायला लागली. प्रकाशदादानं सोल्डरिंग थांबवून दोन-तीनदा तिच्या बोटांकडं पाहिलेलं मला आठवतं.

आता जे मी कोणाला सांगितलेलं नाही ते सांगते. त्या खेळात माणसं मरायची. चोर तर फारच वेळा मरायचा. एकटा आत गेला की पहारेकरी पकडायचे, आणि पडद्यावर स्वच्छ लिहून यायचं की चोर सापडला, त्याला ठार केलं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी मान वळवून सुषमाताईकडं पाहिलं. तिची नजर माझ्या तोंडावर होती, पडद्यावर नव्हती. ओळी भराभर वर सरकायच्या, तिला तेवढ्यात अर्थ लागायचा नाही. मला ते वाचवेना. मी म्हटलं, "चोर बाहेर आला. कोणी पाहिलं नाही." आणि टेप मागं घेऊन आधीच्या जागेवरून खेळ पुन्हा चालू केला. टेप परत का लावली असं काकूनं विचारलं, तर म्हटलं, मशीन अडकलं. त्यानंतर प्रत्येक वेळी हेच केलं. प्रकाशदादाला कळत होतं. एकदा तो माझ्याकडं पाहून हसलासुद्धा. दोघांनाही वाटलं, दुपार चांगली जाते आहे, काय बिघडलं?

म्हणून आमचा चोर कधी सापडलाच नाही. गल्लीत नावाजला गेला.

मेच्या शेवटी प्रकाशदादाला काम मिळालं. काही शाळांच्या मुलांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. टाइप करायला एक माणूस हवा, पगारी. तो सरळ सुषमाताईला म्हणाला, "तू कर. माझ्याकडून नक्की." फक्त दहावी पास असल्याची मार्कशीट दाखवावी लागणार होती, काम देणाऱ्यांची अट होती. आठवड्याची मुदत.

सुषमाताईचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पगार हातात असला की ओट्यावर बसून कोणी काहीही बोललं तरी तिला घरात राहता येणार होतं. तिच्यासाठी तेवढाच प्रश्न होता: राहता येईल की जावं लागेल. मग ती एकदम म्हणाली, "मार्कशीट सावनेरले हाय. माह्या पेटीत."



 दुसऱ्या कोणी माणसांनी असल्या वेळी चार वडीलधाऱ्यांना विचारलं असतं. आम्ही काकांचा चौकटीचा कागद काढला. काकांनी एक कोरा भाग शोधला आणि पेन्सिल घेऊन बसले. "दरवाजा कोन्या बाजूनं हाय? सासू दुपारी कुठं झोपते? पेटी कोठीघरात, बरं. कोठीघराले खिडकी?" सुषमाताई सांगत गेली, काका चौकटी भरत गेले. नवऱ्याची पहिली पाळी, म्हणजे तीनपर्यंत तो खाणीत. सकाळच्या बसनं जायचं. कपडे घ्यायला आले म्हणायचं. सासूची डुलकी लागली की पेटी उघडायची, कागद पोलक्यात, आणि दोनच्या बसनं परत. आम्ही इतके खुशीत होतो. शांताकाकू टाळ्या वाजवत होती.

मग एकदम थांबून ती म्हणाली, "मी येते वं संगं. असं एकटीनं नोको जाऊ."

भाऊरावकाका म्हणाले, "मी बी येतो. बसस्टँडवर थांबून राहीन."

आणि मी, अठरा वर्षांची, इंग्रजीत गल्लीत नेहमी पहिली येणारी, म्हणाले, "नाही काकू. चोर एकटाच जातो. सगळे गेले की पहारेकरी उठतात. आठवतं ना? एकटा गेला की कधीच सापडत नाही."

त्यांनी माझं ऐकलं. खेळाबद्दल मी जे सांगेन ते खरं, अशी त्यांची सवय झाली होती. सुषमाताईसुद्धा म्हणाली, "बराबर हाय. तुमी आल्या त गल्ली गोळा होईन."

सकाळी ती निघाली तेव्हा काकूनं तिच्या पिशवीत कांदा टाकला. "दोन वाजताची बस सोडजो नोको," एवढंच म्हणाली. वामनरावांना सांगितलं होतं की मैत्रिणीकडं जाते.

आम्ही तिघं तीन वाजल्यापासून बसस्टँडवर होतो. सावनेरच्या गाडीतून माणसं उतरायची, गाठोडी, कोंबड्या, सायकली, आणि गाडी रिकामी व्हायची. पाचची आली. सहाची आली. काका प्रत्येक गाडीला उठून उभे राहायचे आणि परत बसायचे.  दिवेलागणीला काकू म्हणाली, "चला," आणि आम्ही चालत घरी आलो. त्या चालण्यात माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, जे मी पडद्यावर इतक्यांदा वाचलं होतं आणि एकदाही मोठ्यानं वाचलं नव्हतं.

काय झालं ते दुसऱ्या दिवशी सावनेरचा एक माणूस निरोप घेऊन आला तेव्हा कळलं. पाळी बदलली होती. नवरा घरीच होता. निरोप असा होता की सुषमा नांदायला परत आली आहे, सगळं ठीक आहे, काळजी करू नये.

वामनरावांनी गल्लीत साखर वाटली. शांताकाकू साखर न घेता त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. "नांदाले नाई गेली थे. कागद आणाले गेली होती. आणा तिले वापस."

वामनरावांनी हातातली साखर ओट्यावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "काहून गेली थे कोणाले सांगू नका, वहिनी. आपल्या पायानं गेली. आता मी कोन्या तोंडानं वापस मागू?"

हे मात्र आमच्या चौघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मारून हाकललेली पोरगी माहेरी राहू शकते, निदान काही दिवस. पण जी स्वतः होऊन उंबरा चढली, तिच्यासाठी बोलणी करायला कोणी जात नाही. तिच्याकडं तेवढी एकच गोष्ट होती, की ती तिथं परत गेलेली नाही. ती आम्ही मिळून, नकाशा काढून, तिच्या हातून काढून घेतली.

भाऊरावकाका त्या आठवड्यात एकटेच सावनेरला जाऊन आले. परत आले तेव्हा उन्हानं लालबुंद झाले होते. काकूनं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. "दारात उभा राह्यलो," ते म्हणाले. "थो म्हणे, तुमी तिचे कोण लागता? काय सांगू गा मी? शेजारी? शेजारी म्हटलं त दार लावून घेतलं." आणि मग साठ वर्षांचा तो माणूस आमच्या ओसरीवर बसून रडला. खेळात त्यांनी तिला कितीदा औषध दिलं होतं. त्या दाराशी सांगण्यासारखं एकही नातं त्यांच्याजवळ नव्हतं.

माझा निकाल लागला, फर्स्ट क्लास. मुदत संपत आली होती. प्रकाशदादानं त्या याद्यांचं काम मला दिलं. माझ्या मार्कशिटा माझ्या घरी कपाटात होत्या. मी नाही म्हणायला हवं होतं असं मला वाटतं, पण मी नाही म्हटलं नाही. जूनभर त्या खुर्चीवर बसून मी पोरांची नावं टाइप केली. काकू आणि काका परत कधी वर आले नाहीत. खेळाची कॅसेट कुणी लावली नाही. दिवाळीपर्यंत क्लासच बंद झाला आणि टीव्ही प्रकाशदादाच्या घरी परत गेला.

आमची नात कधी कधी खेळात मरते. एक सेकंद ओरडते, "अरे यार!" आणि लगेच पुन्हा वेशीवर उभी. भाऊ म्हणतो, मनाला विरंगुळा आहे, कुणाचं काय जातं. बरोबर आहे त्याचं. त्यांच्या खेळात कुणाचं काही जात नाही, ते मेल्यावर मेले म्हणून स्पष्ट सांगतात. मी त्या खोलीच्या दारातून त्यांना पाहते आणि माझ्या मनात येतं, पोरी, तुला वाचून दाखवणारं कोणी नाही हेच बरं आहे.

मी सुषमाताईला पुन्हा एकदाच पाहिलं. चार वर्षांनी. मी तोवर एका शाळेच्या ऑफिसात लागले होते. सावनेरला एका लग्नाला गेले, आणि दुपारी पंगत उठल्यावर पत्ता विचारत विचारत तिच्या घरी गेले. सासू झोपली होती. नवरा पाळीवर होता, या वेळी खरोखर. ती धान्य निवडत बसली होती. पुढचा एक दात नव्हता. कडेला एक मूल निजलेलं, एक पोटात. मला पाहून ती हसली, आणि लगेच पदरानं तोंड झाकलं.

तिनं सगळ्यांची विचारपूस केली. काकूची, काकांची. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला तिथून निघता आलं नसतं. "ताई, त्या दिवशी मार्कशीट सापडली होती का?"

"पेटीत नव्हतीच वं," ती म्हणाली. "पहिल्याच साली चुलीत घातली होती त्यानं. मले त्या दिवशी सांगतलं. हसून राहिला होता."

 शाळेच्या ऑफिसात माझं कामच असल्या कागदांचं होतं. मार्कशीट हरवली की बोर्डात एक अर्ज करायचा, नवी प्रत मिळते. बोर्डाचं ऑफिस नागपुरातच होतं. आमच्या गल्लीतून सायकलनं जाता आलं असतं. मी वर्षाला किती पोरांचे असे अर्ज भरून द्यायची. मी खाली मान घालून ते तिला सांगायला लागले, अडखळत, अर्ध्यात.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "माह्या नणदेनं काढली मागच्या साली."

"मी काढून देऊ तुझी? पुढच्या हप्त्यात?"

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "काय करू आता तिचं?"

 आत सासूनं कूस बदलल्याचा आवाज आला तशी ती दचकून थांबली, कानोसा घेतला, आणि मग अगदी हळू, माझ्याकडं न पाहता म्हणाली, "कागदाचं काही नाई वं, वंदे. थो मले कोठीघरात कोंडून बाहेर बसला होता, तवा मी घंटाभर एकच ऐकून राहिली होती, का दारात कोणी येते का. कोणी बी. काकू नाईतं काका. तुमच्यातलं एक जण जरी संगं आलं असतं, त त्याच बसनं वापस आली असती मी."

मी तिचा हात धरला. तिनं तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला आणि म्हणाली, "जा आता. तीनची पाळी सुटते." मी उठले, आणि तिला तिथंच ठेवून एकटी निघाले.